वलांडीवरचं झाड

नागोराव कुठंही टेकण्याआधी भिंतीला तळहात लावून बघतो. बोईसरला बत्तीस वर्षं काढली, आमच्या समुद्राकाठच्या मुरबे गावात येऊन चार वर्षं झाली, पण भिंतीच्या ओलीशी त्याचं अजून जमलेलं नाही. तळहात लावतो, बोटं एकमेकांवर चोळतो आणि मग पाठ न टेकता ताठ बसतो. तो मूळचा हिंगोलीकडचा. तिकडच्या हवेत, तो सांगतो, कडबा वाजतो, वाळलेला चिंचोका वाजतो, माणसाची टाचसुद्धा जमिनीवर वाजते. इथं कशाला आवाज म्हणून नाही. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चार काड्या खाऊन पाचवीला पेटते, आणि पापड तळायच्या आधीच मऊ पडतो.

"हवा पिळली तर तांब्याभर पाणी निघंल," असं तो आल्या वर्षी म्हणाला होता. आजही तेच म्हणतो, फक्त आवाज खाली गेला आहे.

तारापूरच्या एमआयडीसीत तो कापड रंगवायच्या कारखान्यात होता. सोमवारी हात निळे, गुरुवारी लाल. कुणाच्या लग्नात पंगतीला बसला की शेजारचा माणूस ताट थोडं सरकवून घ्यायचा. रिटायर झाला आणि दोन वर्षांनी हातांचा खरा रंग दिसला, तेव्हा बायको रखमाबाई म्हणाली, "हे हात मी लग्नात बघितले होते." तेवढीच त्यांची थट्टा. दोघंही कमी बोलणारी.

मुलगा भाग्येश बोईसरला एका खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहतो. तिथं आणखी दोन माणसं मावत नव्हती. म्हणून नागोरावानं आमच्या काशीबाईच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. खोली बुटकी, पण मागच्या दाराला दोन हात माती होती, तोंडल्याचा मांडव होता, आणि शेतकऱ्याच्या पोराला तेवढं पुरतं. अडचण एकच. काशीबाईच्या अंगणात आठ महिने बोंबील वाळतात, आणि रखमाबाईनं जन्मात मासळीला हात लावलेला नव्हता. समुद्राकाठी इतकी वर्षं काढून तिनं आपला उंबरा कोरडा ठेवला होता. वारा समुद्राकडून आला की ती खिडकी लावायची. काशीबाईला ते दिसायचं.

"रखमाबाय, खिडकी लावून वास थांबतो काय गो?" काशीबाई अंगणातून ओरडायची. "त्यो भिंतीतून येतो. भिंतीतच राहतो त्यो, भाडं पन देत नाय."

रखमाबाई आतून हसायची. पण खिडकी लावायची.

दोन वर्षांपूर्वी रखमाबाईला नागीण उठली. डाव्या बरगडीवर, पाठीपासून पोटापर्यंत. फोड पंधरा दिवसांत गेले. आग गेली नाही. पालघरचे डॉक्टर म्हणाले, फोडांनी नस दुखावली आहे, वेळ लागेल. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला चक्कर यायची, एकदा न्हाणीत पडली, तेव्हापासून ती अर्धीच गोळी घ्यायची. त्या जागेला कापड लागलं तरी तिचा जीव जायचा. लुगड्याचा पदर, चोळीची कड, चादर, काहीच चालेना. म्हणून तिनं एक सवय लावून घेतली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती पदर अंगापासून वर धरून ठेवायची. बसली तरी, चालली तरी. उभ्यानं भाकरी थापायची तेव्हा एकाच हातानं, आणि भाकरी एका बाजूला जाड व्हायची. झोप अशी नव्हतीच. डोळा लागला की बोटं सुटायची, कापड अंगाला लागायचं, आणि ती उठून बसायची.

दोन वर्षं ती बाई एका हाताची झाली होती. नागोरावाला बाकी काही दिसायचंच नाही, तो वर धरलेला हात तेवढा दिसायचा.

त्याच्या लहानपणी त्याच्या आईला असंच काही होतं. काय होतं ते कुणाला कळलं नाही, पण ती विव्हळायची आणि बाप तिला दुधात काहीतरी द्यायचा. बापाच्या कापसात, मधल्या दोन ओळींत, गांजाची झाडं असायची. चोरूनच. मग आई झोपायची. आई झोपली की सगळं घर झोपायचं, गोठ्यातली म्हैससुद्धा. नागोरावाला एवढंच आठवत होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांमागची आठवण, पण तिच्यावर तो तीन महिने विचार करत राहिला.

गांजाचं झाड लावायचं म्हणून भाग्येशला सांगितलं तेव्हा भाग्येश हातातला चहा ठेवून उठला.

"आबा, ह्या वयात जेलमध्ये जायचंय का? एक झाड सापडलं तरी आत टाकतात."

"तुझ्या मायचा हात बघितला का तू?"

भाग्येशनं बघितला होता. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याच्या खिशात कागदाची पुडी होती. पुडीत तीन बिया.

"कंपनीतल्या एकाकडून घेतल्यात. हे गावठी नाही, आबा. बुटकं झाड. पण पीक असं की बघत राहाल. मी व्हिडिओ बघितलेत. घरातल्या घरात लावतात लोक, एका झाडाला बोंड मुठीएवढं."

नागोरावानं बिया तळहातावर घेतल्या. मग ट्रंकेतून जुन्या रुमालाची गाठ काढली. गावाकडून भावजयीनं पाठवलेली, तिच्यातही काही दाणे होते, बारीक, करड्या रंगाचे. त्यातला एकच रुजला. तो भाग्येशच्या तीन रोपांशेजारी लावला. कंपनीतले निळे पिंप अर्धे कापून चार कुंड्या झाल्या, आणि तोंडल्याच्या मांडवाआड, काशीबाईचा नवरा वामन जिथं जुनी जाळी टाकून ठेवायचा तिथं, त्या उभ्या राहिल्या. वामन बोटीवर असायचा, आठ-आठ दिवस. जाळ्यांकडे कुणी बघत नव्हतं.

भाग्येशची तीन झाडं खरंच देखणी झाली. बुटकी, रुंद, पानांनी भरलेली. गावाकडचं चौथं मात्र उंच, लुकडं, फांद्या अशा विरळ की पलीकडचं आरपार दिसावं. भाग्येश त्याला बघून हसायचा. "हे आबांवर गेलंय."

श्रावणात पाऊस धरून बसला. नागोरावानं आयुष्यात झाडांचा एकच शत्रू ओळखला होता. त्याच्या मुलखात अवेळी पाऊस आला की कडबा झाकायचा, कांदा झाकायचा, कापूस झाकायचा. झाकलं की वाचलं. त्यानं दुकानातून जाड प्लास्टिक आणलं, बांबू रोवले आणि त्या तीन झाडांवर चारी बाजूंनी बंद असा मांडव घातला. लुकड्या झाडाची उंची त्यात मावेना, म्हणून ते बाहेरच राहिलं, भिजत.

भाद्रपद गेला. आश्विन लागला. तिन्ही झाडांवर बोंडं धरली, भाग्येश म्हणाला होता तशी, मुठीएवढी, जड. नागोराव रोज सकाळी प्लास्टिक वर करून बघायचा आणि आत येऊन म्हणायचा, "थोडे दिवस अजून." रखमाबाई मान हलवायची. तिनं कधी किती दिवस असं विचारलं नाही. पण दसऱ्याला तिनं सुनेच्या हाती नवी चोळी शिवायला दिली, डाव्या कुशीवर घट्ट बसणारी. दोन वर्षांत तिनं अशी चोळी घातली नव्हती. चोळी शिवून आली तेव्हा घडी घालून ट्रंकेवर ठेवली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नागोरावानं पहिलं बोंड तोडलं. वरून हिरवं, भरलेलं. दोन अंगठ्यांनी फोडलं तर आत राखाडी बुरशी, कापसासारखी. दुसरं फोडलं. तेच. त्यानं तिन्ही झाडांची सगळी बोंडं एकामागून एक फोडली. आतून सगळी कुजली होती. बाहेरच्या देखणेपणाला आतल्याचा पत्ता नव्हता.

तो तिथंच पिंपाला पाठ लावून बसला. ओली की कोरडी, बघितलं नाही.

काशीबाई कपडे वाळत घालायला मागं आली होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"कुजलं?"

नागोरावानं वर बघितलं.

"असा काय बघतो, नागोभाव? तुला काय वाटलं, तोंडल्याला आसा वास येतो? भादव्यापासून वास घेतंय मी. म्हटलं आज सांगेल, उद्या सांगेल. माजं घर हाय हे. पोलीस आलं तर आधी नाव कुनाचं? वामनचं. त्यो तिकडं समुद्रात आन् इकडं त्याच्या जाळ्याखाली ही बाग."

"बाई, मी तुमच्याशी खोटं..."

"तू काय बोललाच नाय, खोटं कुठून बोलशील." तिनं एक बोंड उचललं, फोडलेलं, आणि नाकाशी नेलं. आमच्याकडच्या बाया डोळ्यांआधी नाकानं बघतात. "हे झाकलं कुनी?"

"मीच. पावसानं जाईल म्हणून."

"पावसानं नाय जात इथं काय. वाऱ्याबिगर जातं." ती खाली बसली. "आन् हे जाड बोंड कशाला? घोळ मासा जाड, त्यो सुकवतात का कधी आक्खा? वरून सुकला दिसतो आन् आत सडतो. बोंबील बारीक म्हणून सुकतो. एवढ्या वर्सांत तुला कुनी सांगितलं नाय?"

नागोरावानं नुसतं लुकड्या झाडाकडे बोट केलं. ते भिजून, वाऱ्यात हलून, जसंच्या तसं उभं होतं. त्याच्या तुऱ्यांमधून आभाळ दिसत होतं.

काशीबाईनं त्या झाडाकडे बघितलं. मग मागच्या दाराकडे. दारात रखमाबाई उभी होती, दोन बोटांत पदर धरून.

"हे तीन आज उपट," काशीबाई म्हणाली. "त्या एकाला होऊ दे. त्याचं झालं की ते पन मुळासकट. परत लावायचं नाय. शब्द दे."

नागोरावानं शब्द दिला.

कार्तिकात लुकडं झाड तयार झालं. नागोरावानं ते कापलं, खोड पिंपात ठेवलं, आणि फांद्या घेऊन घरात आला. मग त्यानं दुसरी चूक केली, आणि तीही बापाकडूनच शिकलेली. बाप असल्या गोष्टी भुसात दाबून कणगीत ठेवायचा. नागोरावानं फांद्या गोणपाटात गुंडाळल्या आणि ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं. ट्रंकेवरची नवी चोळी तेवढी बाजूला काढली.

दुसऱ्या दिवशी काशीबाईनं सहज विचारलं, "कुठं सुकवलं?" त्यानं सांगितलं. काशीबाई हातातला बोंबील टाकून सरळ त्याच्या घरात शिरली. चार वर्षांत पहिल्यांदाच. पायाला मासळीचे खवले. रखमाबाई भिंतीला सरकली.

"उघड ती पेटी."

उघडली. गोणपाट आतून घामेजलं होतं. काशीबाईनं बोटांनी फांदी दाबली.

"आजून वाचल. पन इथं नाय. बोंबील कोन पेटीत सुकवतो काय रे? तुमी लोक समदं झाकता. इथं झाकलं ते मेलं." तिनं गोणपाटासकट सगळं काखेत मारलं. "मतलई सुटलाय. तीन दिवस चालेल. चल."

मतलई म्हणजे सकाळचा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. तो सुटला की आमच्याकडे बाया जेवण विसरतात. आणि वलांडी म्हणजे उभ्या बांबूंवर बांधलेल्या आडव्या दांड्या, त्यांच्यावर बोंबलांची जोडी तोंडात तोंड अडकवून टांगायची. काशीबाईची वलांडी सहा दांड्यांची. सगळ्यात वरच्या दांडीवर, बोंबलांच्या दोन दाट ओळींमध्ये, तिनं नागोरावाच्या फांद्या उलट्या टांगल्या. पुढून बोंबील, मागून बोंबील. वासाचं तर विचारायलाच नको.

शेजारच्या वलांडीवरून तानी ओरडली, "काशी, ह्यो कुठचा गो बोंबील, हिरवा?"

"रखमाबायच्या नागिनीचा पाला हाय. बघू नको तिकडं, तुला उठंल."

तानीनं खरंच मान फिरवली. नागिणीचं नाव घेतलं की आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

तीन दिवस नागोराव वलांडीखाली बसून होता. काशीबाई त्याला उठवायची, कावळे हाकलायला लावायची. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आले. दरवर्षी येतात, बोंबील न्यायला. वलांडीसमोर उभे राहून बोट वर केलं, "मावशी, वरचे द्या. वरचे चांगले सुकतात." काशीबाईनं दांडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"वरचे कालचे, ओले हायत. तुमच्या पोटात दुखलं तर मलाच आत टाकाल." आणि खालच्या दांडीचे दोन डझन काढून तिनं त्यांच्या पिशवीत घातले. हवालदार हसत गेले. काशीबाई मग जरा वेळ वाळूवर बसली. "माज्या वयाला हे नाय सोसत, नागोभाव," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

चौथ्या सकाळी तिनं एक फांदी काढून कानाजवळ मोडली. ती मोडताना वाजली. नागोरावानं तो आवाज ऐकला, आणि त्याचा चेहरा असा झाला की काशीबाईनं दुसरीकडे बघितलं. छत्तीस वर्षांत इथं त्याच्या हातातली कुठलीच गोष्ट अशी वाजली नव्हती.

सगळं मिळून एक लहान पितळी डबा भरला. लुकडं झाड, लुकडं पीक. नागोरावानं आईच्या वेळचं आठवून आठवून दूध केलं, त्यात थोडं घातलं, गाळलं, आणि दुपारी पेला घेऊन रखमाबाईसमोर बसला. तिनं उजव्या हातात पेला घेतला. तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबली.

"हे काय मेलेलं आणलंत?"

दुधाला बोंबलाचा वास येत होता. थोडाथोडका नाही. तीन दिवस, तीन सकाळी, मतलईनं तो वास त्या पाल्याच्या नसानसांत भरला होता. नागोरावाला तो आला नव्हता. तीन दिवस वलांडीखाली बसून त्याचं नाक मेलं होतं. आता त्यानं पेला अगदी नाकाशी नेला, तेव्हा कुठं त्याला कळलं.

"रखमे, डोळे मिटून घे."

"डोळ्याचं काय, नाकाचं सांगा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "साऱ्या जन्मात शिवले न्हाई मी. मरंन, पण हे गिळणार न्हाई. काहून माझ्या मागं लागले तुमी?"

नागोराव पेला घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला. दूध थंड झालं, वर साय आली. त्याला राग आला नाही. राग यायला सुद्धा अंगात काही असावं लागतं. रखमाबाई भिंतीकडे तोंड करून, पदर वर धरून बसली होती.

काशीबाई अंगणातून आली. तिनं पेल्यात बघितलं, रखमाबाईकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. ती हसली नाही. तिनं रखमाबाईला आपल्याकडे वळवलं, पेला तिच्या उजव्या हातात दिला आणि चटईवर तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"वास येतो ना? येनारच. बोंबलात राहिलं ते." मग जरा थांबून, "माज्या दांडीवर तीन दिवस टांगलं मी ते. वामनला सांगितलं नाय आजून. नाक धर, एका घोटात होईल."

"कशानं धरू?" रखमाबाई म्हणाली. खरंच विचारत होती. उजव्या हातात पेला, डाव्यात पदर.

काशीबाईनं आपला हात पुढं केला. बोंबलांच्या दातांनी चिरलेली, मिठानं पांढरी पडलेली बोटं. त्यांनाही तोच वास होता, जास्तच होता. तिनं दोन बोटांनी रखमाबाईचं नाक दाबून धरलं, पोराचं धरतात तसं.

रखमाबाई आधी मागं गेली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं नागोरावाला वाटलं, पण ती हसत होती, नाक दाबलेलं, घोगरं. "काशीबाई, बोटं तं पाहा तुमची."

"पी आता. हसलीस तर नाकात जाईल."

ती प्यायली.

मग बराच वेळ काही झालं नाही. काशीबाई उठून आपल्या वलांडीकडे गेली. नागोराव उंबऱ्यावरच होता. ऊन मागच्या दारातून आत आलं, चटईच्या कडेपर्यंत. रखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पापण्या जड झाल्या. दोन बोटं पदर धरून होती. मग एक बोट सुटलं. आता ती दचकून उठणार, म्हणून नागोराव उंबऱ्यावरून अर्धा उठला. दुसरं बोट सुटलं. हात हळूहळू मांडीवर आला. पदर तिच्या बरगडीवर पडला, आणि तिथंच राहिला. ती उठली नाही. तिचं तोंड थोडं उघडलं आणि ती घोरायला लागली, बारीक, एका लयीत.

नागोराव त्या हाताकडे बघत राहिला. उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली, दोन वर्षांच्या कामावरून सुटल्यासारखा.

मग त्याला शब्द आठवला. तो चप्पल न घालता मागच्या दारानं बाहेर गेला. निळ्या पिंपात लुकड्या झाडाचं खोड होतं. कुदळ होती, पण कुदळ वाजली असती. म्हणून त्यानं दोन्ही हातांनी माती उकरायला सुरुवात केली, सावकाश. मूळ खोल गेलं होतं, पिंपाच्या तळाशी गोल फिरलं होतं. त्याला घाम आला, मधेच थांबून त्यानं आतल्या घोरण्याला कान दिला, आणि परत उकरू लागला.

वलांडीवरून काशीबाईनं बघितलं. ती कुंपणाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "उद्या कर रे. आज बस तिच्याजवळ."

"उद्या मन होणार नाही," नागोराव म्हणाला.

"डबा किती दिवस पुरंल?"

"होळीपर्यंत. कधी लागू होईल, कधी होणार बी न्हाई."

"मंग?"

मूळ सुटून हातात आलं होतं, ओल्या मातीसकट, लांब. ते त्यानं काशीबाईला कुंपणावरून दाखवलं. काशीबाईनं मान हलवली आणि ते त्याच्या हातातून घेऊन मासळीच्या पाटीत, बर्फाखाली टाकलं. संध्याकाळी ते समुद्रात जाणार होतं.

नागोराव हात धुवायला न्हाणीत गेला नाही. नळ वाजतो. मातीचेच हात घेऊन तो आत आला, भिंतीला तळहात लावला. ओली होती. तो रखमाबाईशेजारी पाठ टेकून बसला.